मुंबई धुऊन काढणारा कमिशनर

आंबोलीचा घाट चढून वर आले की पहिला बदल जाणवतो तो हवेतला. सावंतवाडीचा उकाडा खाली राहतो, अंगावर धुके येते आणि श्वास मोकळा होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरचे हे गाव म्हणजे वेंगुर्ले बंदरातून बेळगावकडे जाणाऱ्या वाटेवरचा एक टप्पा. सावंतवाडी संस्थानात नेमलेले पोलिटिकल अधिकारी कर्नल वेस्ट्रॉप यांनी १८८० च्या सुमारास त्याला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. महाबळेश्वर आणि माथेरान त्याआधीच वसले होते. खालच्या शहरांत पटकी, हिवताप आणि उष्म्याने माणसे पटापट मरत असत. अशा वेळी डोंगरावर चढून जाणे हा साहेबांच्या लेखी सर्वांत खात्रीचा उपाय होता.

मात्र हा उपाय मूठभरांचा होता. याच कोकणातून, मालवण-वेंगुर्ल्यापासून राजापूर-दापोलीपर्यंतच्या गावांतून, हजारो माणसे त्याच काळात उलट दिशेने निघाली होती. गलबतात किंवा आगबोटीत बसून ती मुंबईला जात, गोदीत ओझी वाहत, गिरणीत राबत आणि दाटीवाटीच्या वस्तीत राहत. १८८१ च्या खानेसुमारीनुसार मुंबईत राहणाऱ्यांपैकी लाखाहून अधिक लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा बराचसा त्याच जिल्ह्यात मोडत असे. या माणसांसाठी थंड हवेचे ठिकाण नव्हते. त्यांचे जगणे-मरणे मुंबईतल्या गटारांवर, नळांवर आणि गल्ल्यांच्या रुंदीवर अवलंबून होते.

शहराची रचना बदलली तर शहराचा मृत्युदरही बदलेल, या विश्वासाने मुंबईवर तुटून पडलेला पहिला अधिकारी म्हणजे आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. मुंबईकर त्यांना एका मंडईच्या नावाने ओळखतात, तर पुणेकर इतिहासप्रेमी एका लाचखोरी प्रकरणाच्या नावाने. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत, पण त्यांच्यामधली सहा वर्षे फारशी कोणाला ठाऊक नसतात. आपल्या नगरपालिकांचा कारभार आज ज्या चौकटीत चालतो, तिची बीजे त्या सहा वर्षांत आहेत.

सोन्याचा धूर आणि सांडपाण्याचा वास

क्रॉफर्ड यांचा जन्म १८३५ चा. तरुण वयातच ते मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दाखल झाले. हुशारी, कामाचा झपाटा आणि माणसे जोडण्याची कला यांबद्दल त्यांची लवकरच ख्याती झाली. कोकणातही त्यांनी अधिकारी म्हणून काळ काढला आणि या मुलखाची ओढ त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. मुंबई शहराची सूत्रे हाती आली तेव्हा त्यांनी वयाची तिशी नुकतीच गाठली होती.

ती मुंबई विलक्षण अवस्थेत होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या राज्यांतून होणारी कापसाची निर्यात थांबली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. पुढच्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या व्यापारापेक्षा सुमारे ८ कोटी पौंड अधिक रक्कम मुंबईत आली. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या रोज नव्या योजना. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले आणि शहराला मोकळे होण्याची संधी मिळाली.

तटाबाहेरच्या देशी वस्तीत मात्र चित्र वेगळे होते. १८६४ च्या मोजणीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. कापसाच्या पैशामागे माणसे आली, पण त्यांच्यासाठी घरे आली नाहीत. मांडवी, चकला, उमरखाडी, भुलेश्वर येथे घराला घर चिकटलेले असे. दोन घरांच्या पिछाडीतून जेमतेम माणूस जाईल एवढा बोळ असे आणि तोच संडासाचा आणि सांडपाण्याचा मार्ग. मैला टोपल्यांतून डोक्यावर वाहून नेला जाई. उघडी गटारे भरतीच्या पाण्याने तुंबत. गुरांचे गोठे, चामडी कमावण्याच्या जागा, चरबी वितळवण्याच्या भट्ट्या, रंगाऱ्यांचे हौद हे सारे राहत्या घरांना खेटून होते. त्याच वर्षी डॉ. अँड्र्यू लीथ यांनी बेटाच्या आरोग्यस्थितीवर सरकारला अहवाल दिला. त्याच्याही आधी, १८५२ मध्ये, हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने याच दुखण्यावर बोट ठेवले होते. कॉनिबेअर यांच्याच आराखड्यानुसार १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. पण आत येणाऱ्या पाण्याची सोय झाली तरी बाहेर जाणाऱ्या पाण्याची झाली नव्हती. नळ आले तसे सांडपाणीही वाढले.

शहराचा कारभार १८५८ पासून तीन कमिशनरांच्या मंडळाकडे होता. तिघांत जबाबदारी विभागली गेली की ती कोणाचीच राहत नाही, हा अनुभव मुंबईनेही घेतला. म्हणून १८६५ च्या कायद्याने सगळी अंमलबजावणी एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिली. त्याच्या मदतीला आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता आणि हिशेबनीस नेमण्याची तरतूद झाली. त्याच्यावर देखरेख ठेवायची ती सरकारने नेमलेल्या 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींनी. त्यांत युरोपीय व्यापारी होते, शेटसावकार होते, विद्वानही होते, पण करदात्यांनी निवडून दिलेला एकही नव्हता. या नव्या कायद्याखाली क्रॉफर्ड पहिले कमिशनर झाले.

चुकीचे शास्त्र, अचूक उपाय

रोग कशाने होतो याविषयी त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांची समजूत आजच्या दृष्टीने चुकीची होती. कुजणाऱ्या घाणीतून विषारी वाफा निघतात आणि त्या हुंगल्याने माणूस आजारी पडतो, असे ते मानत. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच पटकीचा संबंध पाण्याच्या एका पंपाशी जोडून दाखवला होता, पण तो सर्वांना पटलेला नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी इजिप्त आणि कोलकाता येथील संशोधनातून पटकीचा जंतू सिद्ध केला तो १८८३-८४ मध्ये, म्हणजे क्रॉफर्ड यांनी कमिशनरपद सोडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

गंमत अशी की या चुकीच्या समजुतीतून निघालेले उपाय बहुतांशी बरोबर ठरले. दुर्गंधी घालवायची तर मैला हटवला पाहिजे, गटारे वाहती ठेवली पाहिजेत, गल्ल्या रुंद करून वारा खेळवला पाहिजे, सखल जागा भरल्या पाहिजेत, पाणी लांबून आणि स्वच्छ जागेतून आणले पाहिजे. एवढे केले की दुर्गंधीबरोबर जंतूही हटत.

अमेरिकेतल्या जुन्या शहरांची कथाही हीच आहे. फिलाडेल्फिया शहर आखताना प्रशस्त रस्ते आणि चौक कल्पिले होते, पण प्रत्यक्षात नदीकाठी दाटी झाली आणि १७९३ मध्ये पीतज्वराच्या साथीत तिथे सुमारे ५ हजार माणसे दगावली. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. घाणेरड्या हवेला दोष देत त्या शहराने स्वच्छ पाण्यासाठी सार्वजनिक योजना हाती घेतली आणि १८०१ मध्ये ती सुरूही केली. न्यूयॉर्कने १८४२ मध्ये क्रोटन नदीचे पाणी शहरात आणले, तर १८६६ मध्ये पटकीच्या भयाने स्वतंत्र आरोग्य मंडळ स्थापन केले. म्हणजे न्यूयॉर्क आणि मुंबई ही दोन बंदरे जवळपास एकाच वेळी एकाच प्रश्नाशी झुंजत होती. फरक एवढाच की न्यूयॉर्कच्या रहिवाशांना मत होते आणि मुंबईकरांना ते नव्हते.

क्रॉफर्ड यांना आरोग्य अधिकारी म्हणून डॉ. हेवलेट यांची जोड मिळाली. दोघांनी मिळून शहर अक्षरशः धुऊन काढायला घेतले. कचरा उचलण्याची आणि मैला वाहण्याची व्यवस्था शिस्तीत आणली, तुंबलेली गटारे उपसली, रस्ते रुंद केले, वस्तीतले त्रासदायक धंदे बाहेर घालवले. शहरातला कत्तलखाना १८६७ मध्ये वांद्र्याला हलवला गेला. कामाठीपुऱ्याकडचा सखल दलदलीचा भाग भरून काढण्याचे काम पुढे सरकले. १८६५ पासून प्रमुख रस्त्यांवर गॅसचे दिवे लागू लागले होते.

या झपाट्याचे श्रेय इतिहासाने क्रॉफर्ड यांना दिले. पण भल्या पहाटे डोक्यावर टोपली घेऊन प्रत्येक बोळात शिरणारे हात हलालखोरांचे होते. समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या या माणसांच्या श्रमावर मुंबईचे आरोग्य उभे होते. त्यांची नावे कोणत्याही मंडईला दिली गेली नाहीत.

मंडईचे दगड

या काळाचे सर्वांत ठळक स्मारक म्हणजे १८६९ मध्ये पूर्ण झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत. विल्यम इमर्सन या तरुण वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला. प्रवेशद्वारावरची शेतकऱ्यांची आणि बाजाराची शिल्पे जे. जे. कला शाळेतील लॉकवुड किपलिंग यांची. आतल्या कारंज्यासाठी सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली. पर्यटक ही शिल्पे पाहून जातात. मंडईच्या जागेमागचा आणि रचनेमागचा विचार मात्र आरोग्याचा होता.

पूर्वी भाजी, मासळी आणि मटण अरुंद गल्ल्यांत, उघड्या गटाराच्या काठावर विकले जाई. नव्या मंडईत उंच छप्पर होते, वारा आरपार जाईल अशी मोकळी रचना होती, पायाखाली धुता येईल अशी फरसबंदी होती आणि फळे-भाजीपाला एकीकडे व मांस-मासळी दुसरीकडे अशी विभागणी होती. किल्ला आणि देशी वस्ती यांच्या सीमेवर ती उभी राहिल्याने दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना सोयीची झाली. माल नीट पाहता येईल, सडका माल जप्त करता येईल, जागा रोज धुता येईल, अशी बाजाराची कल्पना तेव्हा मुंबईला नवी होती.

स्वातंत्र्यानंतर या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. यात एक योगायोग दडला आहे. पुण्यात नगरपालिकेचे सदस्य असताना जोतिरावांनी तिथल्या नव्या रे मार्केटवर होणाऱ्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. गरिबांच्या शिक्षणाला पैसे नाहीत आणि इमारतीला आहेत, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे पुण्याच्या त्या मंडईलाही त्यांचेच नाव मिळाले. सार्वजनिक पैसा आधी कशावर खर्चायचा हा जोतिरावांचा प्रश्न मुंबईत त्याआधीच उभा राहिला होता आणि क्रॉफर्ड यांची कारकीर्द त्याच प्रश्नावर संपली.

हिशेबाचा दिवस

क्रॉफर्ड कमिशनर झाले त्याच सुमारास, १८६५ च्या मध्यावर, अमेरिकेतले युद्ध थांबल्याची बातमी पचवून मुंबईचा शेअर बाजार कोसळला. कागदावरचे लक्षाधीश रस्त्यावर आले, बँका बुडाल्या, बांधकामे अर्धवट राहिली. ज्या शहराच्या श्रीमंतीवर विसंबून सुधारणेची स्वप्ने रंगवली होती, ते शहर रातोरात कफल्लक झाले. क्रॉफर्ड मात्र थांबले नाहीत. कर वाढले, कर्जे वाढली, मंजुरीआधीच कामे सुरू होऊ लागली. जस्टिस मंडळींपैकी अनेकांना कामे दिसत होती, पण खर्चाचे आकडे काम झाल्यावर कळत. देखरेख त्यांची होती, पण ती ढिली होती.

शहराची प्रकृती सुधारत आहे, हे या काळात अनेकांनी मान्य केले. पटकीचा जोर कमी झाल्याचे समकालीन नोंदी सांगतात. मात्र सारे श्रेय झाडूला देणे योग्य होणार नाही. बाजार कोसळल्यावर पोटासाठी आलेली असंख्य माणसे गावी परतली. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली, म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लाखांची घट. गर्दी ओसरली की रोगराईही ओसरते. क्रॉफर्ड यांचे कर्तृत्व आणि मंदी यांपैकी कशाने किती जीव वाचवले, हे वेगळे काढणे अवघड आहे.

१८७१ मध्ये करदात्यांचा संयम संपला. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे लोकनेते पुढे आले. जस्टिस मंडळाच्या सभेत जेम्स फोर्ब्स यांनी कमिशनरच्या एकहाती सत्तेला लगाम घालण्याचा ठराव मांडला. वृत्तपत्रांतून टीकेचे मोहोळ उठले. उधळपट्टी आणि मनमानी हे दोन आरोप सर्वांच्या तोंडी होते. त्याच वर्षी क्रॉफर्ड यांची म्युनिसिपल कारकीर्द संपली.

त्या गदारोळात एक तरुण बॅरिस्टर प्रवाहाविरुद्ध उभा राहिला. सव्वीस वर्षांचे फिरोजशहा मेहता. धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी संस्थेत त्यांनी वाचलेल्या निबंधात क्रॉफर्ड यांची बाजू घेतली, आणि श्रोत्यांना ती अजिबात रुचली नाही. मेहता यांचा मुद्दा सरळ होता. शहर ज्या दुरवस्थेतून वर आले त्याकडे पाहता खर्च अटळ होता. दोष असेल तर तो देखरेख करणाऱ्यांच्या रचनेत आहे. सरकारने नेमलेली मंडळी करदात्यांना उत्तरदायी नसतात, म्हणून ती जागरूक राहत नाहीत. तेव्हा कमिशनरचे हात बांधू नका, त्याला जाब विचारणारे लोक निवडून आणा.

१८७२ च्या कायद्याने ही दिशा बऱ्याच अंशी स्वीकारली. ६४ सदस्यांच्या नव्या महापालिकेत निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. उरलेल्यांपैकी १६ जस्टिस मंडळाने आणि १६ सरकारने नेमायचे होते. मताचा हक्क वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यांनाच असल्याने सहा-साडेसहा लाखांच्या शहरात मतदार जेमतेम चार हजारांच्या घरात होते. मुंबईत राबणाऱ्या कोकणी चाकरमान्याला त्यात स्थान नव्हते. तरीही दार किलकिले झाले होते. दापोलीजवळच्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे विद्वान वकील याच महापालिकेत पुढे अध्यक्षपदापर्यंत पोहोचले.

१८८८ : एकाच वर्षी दोन घटना

म्युनिसिपालिटी सुटली तरी क्रॉफर्ड यांची बढती थांबली नाही. जिल्हे सांभाळत ते मध्य विभागाचे कमिशनर झाले आणि पुण्यात राहू लागले. खर्चाचा हात मात्र तसाच सैल राहिला, आता स्वतःच्या संसारातही. देणी वाढत गेली. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या पैसे घेऊन होतात आणि हणमंतराव नावाचा मध्यस्थ त्या जुळवतो, अशी कुजबुज दख्खनभर पसरली. १८८८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने क्रॉफर्ड यांना निलंबित केले. हणमंतरावांवर खटला होऊन शिक्षा झाली आणि क्रॉफर्ड यांच्या चौकशीसाठी तीन सदस्यांचा आयोग बसला.

आयोगाने लाचखोरीचा आरोप सिद्ध मानला नाही. हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे काढल्याचा दोष मात्र सिद्ध झाला आणि क्रॉफर्ड यांना नोकरीतून काढण्यात आले. खरी शोकांतिका मामलेदारांची झाली. खरे सांगाल तर शिक्षा होणार नाही, असे अभय देऊन सरकारने त्यांच्याकडून साक्षी मिळवल्या होत्या. पैसे दिल्याची कबुली देणारे मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर कसे राहू शकतात, असा गदारोळ इंग्लंडमध्ये झाला आणि त्यांतल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. अभयाचे वचन सरकारने पाळले पाहिजे, या मागणीसाठी १८८९ मध्ये पुण्यात सभा झाली. तरुण बाळ गंगाधर टिळक या चळवळीत अग्रभागी होते. त्यांच्या सार्वजनिक जीवनातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक मानला जातो.

आणि याच १८८८ साली मुंबई महापालिकेचा नवा कायदा झाला. त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता. धोरण आणि पैसा निवडून आलेल्या सभागृहाच्या हाती, अंमलबजावणी एका कमिशनरच्या हाती आणि खर्चावर स्थायी समितीची नजर, अशी त्याची रचना. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा आजही मुंबईला लागू आहे. ज्या माणसाच्या कारकिर्दीने हिशेबाची गरज शहराला शिकवली, त्याचे अधःपतन आणि त्या धड्याचे कायद्यात रूपांतर एकाच वर्षी व्हावे, हा कालगतीचा विलक्षण मेळ म्हणायचा.

क्रॉफर्ड पुढे इंग्लंडमध्ये लेखन करत राहिले. पुणे आणि दख्खनमधल्या राजकारणावर त्यांनी कडवटपणे लिहिले, आणि कोकणातल्या दंतकथांचे एक पुस्तकही सिद्ध केले. हातातले सारे गेल्यावरही परशुरामाच्या या भूमीच्या गोष्टी त्यांना आठवत होत्या. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

अर्धे राहिलेले काम

त्यांच्या हयातीतच त्यांच्या कामाची मर्यादाही उघडी पडली होती. पाण्याची सोय पुढच्यांनी वाढवली. १८७९ मध्ये तुळशी तलावाचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी मुंबईला मिळाले. पण सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत ग्रंथिक सन्निपात फुटला. त्याचे निदान करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे आणि महापालिकेचे सदस्यही. गोदामांच्या, उंदरांच्या आणि कोंदट चाळींच्या या वस्तीत ना वारा होता ना उजेड. क्रॉफर्ड यांनी रस्ते, बाजार आणि गटारांची तोंडे साफ केली होती. माणसे ज्या खोल्यांत राहत त्या तशाच राहिल्या होत्या. घर ही खासगी मालमत्ता आणि घरमालक हाच मतदार असल्याने त्या उंबऱ्याआड जाण्याची हिंमत निवडून आलेल्या महापालिकेलाही झाली नव्हती.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखीव वसाहत वसवली आणि कामगारांसाठी चाळीही बांधल्या. पण जितक्यांची घरे पाडली गेली तितक्यांना नवी मिळाली नाहीत आणि दाटी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली. प्लेगच्या भयाने मुंबई सोडून गावी परतलेल्यांत आमच्या कोकणातले लोकही मोठ्या संख्येने होते. बोटीबरोबर रोगही बंदरोबंदर उतरला. मुंबईची गल्ली आणि कोकणातले घर आरोग्याच्या एकाच दोरीने बांधलेले आहेत, हे तेव्हा कळले. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, ते पुन्हा कळले.

म्हणूनच क्रॉफर्ड यांची कथा आज आंबोलीत बसून लिहावीशी वाटते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते. थंड हवेसाठी आता साहेब येत नाहीत, तर त्याच मुंबई-पुणे-कोल्हापूर-बेळगाव-गोव्यातले तुमच्याआमच्यासारखे शहरवासी येतात. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा डोंगर हिरण्यकेशीचे उगमस्थान आहे. तिथल्या मंदिराच्या कुंडात आढळलेल्या 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या माशासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. अशा ठिकाणी मुक्कामाच्या खोल्या वाढतात तेव्हा त्यांचे सांडपाणी कुठे जाणार, प्लास्टिक कोण उचलणार, बांधकाम कुठवर येऊ द्यायचे आणि या सगळ्याचा खर्च गावाने सोसायचा की पाहुण्याने, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. १८६५ च्या मुंबईसमोरचेच हे प्रश्न आहेत, फक्त आकार लहान आहे.

क्रॉफर्ड यांच्या आयुष्यातून दोन गोष्टी शिकता येतात आणि त्या एकमेकींविरुद्ध ओढतात. एक, आरोग्य दवाखान्यात सुरू होत नाही. ते गटाराच्या उतारात, रस्त्याच्या रुंदीत आणि बाजाराच्या फरशीत आधी ठरते, आणि तिथे पैसे टाकायला कचरणारे शहर ते पैसे पुढे स्मशानात मोजते. दोन, हे काम कितीही निकडीचे असले तरी ज्याचा पैसा त्याला हिशेब दिल्याशिवाय ते टिकत नाही. मुंबईने क्रॉफर्ड यांना घालवले, पण त्यांची कामे बंद केली नाहीत. कामे चालू ठेवून त्यांवर आपली माणसे बसवण्याचा हक्क मागितला. क्रॉफर्डसाहेबांनी स्वतः कधी हिशेबाची फारशी पर्वा केली नाही, पण शहराला तो मागायला त्यांनीच शिकवले.